कपाटातल्या फासळ्या

आम्हा चिनी लोकांत सून सासऱ्याला ज्या शब्दानं हाक मारते, त्याचा अर्थ होतो ‘मालक’. थोंग काम-चोय नावाच्या माणसाला मी एका छपराखाली सात वर्षं मालक म्हटलं. मनापासून एकदाही नाही.

ते आमच्याकडे राहायला आले १९८८ साली, आमच्या नव्या वर्षाचे पंधरा दिवस उलटल्यावर. माझा नवरा वाय-लुन गॅरेजची व्हॅन घेऊन त्यांना आणायला गेला होता. व्हॅनमधून उतरले तेव्हा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी. दुकानातल्या तेलकट फरशीवरून घसरून खुबा मोडला होता, आणि दुकानाची सगळी चाळच पाडायची ठरली होती. दारात उभं राहून त्यांनी घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, “हिला अजून काही झालं नाही?”

काही म्हणजे मूल. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

आमच्या मेंगलेंबू गावाच्या बाजारात त्यांचं भाजलेल्या मांसाचं दुकान एकतीस वर्षं चाललं. लोक त्यांना थोंग सिफू म्हणत. सिफू म्हणजे हातात कला असलेला गुरू, हे सगळ्या गावाला मान्य होतं. डुकराच्या गोड-खारट फासळ्या ही त्यांची खासियत. सकाळी दहाला रांग लागायची आणि एक वाजता मांस टांगायच्या आकड्यांवर काही उरायचं नाही. जवळच्या इपोह शहरातून माणसं सायकली मारत येत, पुढे मोटारी घेऊन येत. मांस भाजायच्या कोळशाच्या पिंपाजवळ ते दुसऱ्या कुणाला फिरकू देत नसत. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, केस एक नाही. त्यातला सगळ्यात मोठा डाग डाव्या तळहातावर. बारा वर्षांचे असताना त्यांच्याकडून फासळ्यांची एक पट्टी करपली, तर त्यांच्या गुरूनं हात धरून तापलेल्या पिंपाच्या काठावर टेकवला होता. ही गोष्ट ते फार अभिमानानं सांगत. “म्हणून मी शिकलो,” म्हणत. “आता कोण शिकतंय!”

घरात आल्यापासून त्यांना एकही गोष्ट पसंत नव्हती. भात मऊ. चहा पातळ. माझ्या शिलाई मशीनचा आवाज. माझ्या सपातांचा आवाज. मी शाळेचे गणवेश शिवायची, तर म्हणायचे, “दुसऱ्यांच्या पोरांचे कपडे शिवते.” वाय-लुन ताटलीत मान घालून जेवत राहायचा. खोलीत गेल्यावर म्हणायचा, “जाऊ दे ना. म्हातारे आहेत.”

“बासष्टाव्या वर्षी म्हातारे? तुझ्या गॅरेजात सत्तर वर्षांचा माणूस टायर उचलतो.”

“मग मी काय करू?”

तो काहीच करणार नव्हता. ते त्याच्याकडून होण्यातलं नव्हतं, आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांनी मी शिलाईच्या पैशातून एक मोठा विजेचा ओव्हन घेतला. नव्या वर्षाला अननसाची बिस्किटं करून विकायची, एवढाच विचार होता. मालकांनी तो पाहिला, दार उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाले, “हे कपाट आहे. कपाटात कपडे ठेवतात.”

खरं सांगते, त्या एका वाक्यासाठी मी फासळ्या करायला घेतल्या.

पहिल्या रविवारी मला जेवढं माहीत होतं तेवढं केलं. सोया, साखर, पाच मसाल्यांची पूड, लसूण. रात्रभर मुरवलं आणि ट्रेवर आडवं टाकून भाजलं. रंग बरा आला होता. मालकांनी जेवायच्या काडीच्या टोकानं एक तुकडा उचलला, नाकाजवळ नेला आणि सोडून दिला. ताटलीत नाही, टेबलावर.

“हे डुक्कर पाण्यात बुडून मेलं का?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझं डोकं.” आणि मुळ्याच्या लोणच्याशी भात खाऊन उठले.

मी दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या लक्षात आलं. फासळ्या मी धुऊन तशाच ओल्या मसाल्यात घातल्या होत्या, आणि आडव्या टाकल्यामुळे त्या स्वतःच्या पाण्यात शिजल्या होत्या. पुढच्या रविवारी त्या कोरड्या पुसल्या, मुरल्यावर तासभर पंख्यासमोर टांगल्या, ओव्हनच्या वरच्या जाळीला चार आकडे अडकवून उभ्या लटकवल्या.

मालक म्हणाले, “वाळलं. चामड्याचा धंदा काढ.”

मग मी खाली ट्रेमध्ये पाणी ठेवलं. वाफ झाली आणि वितळलेली चरबी ट्रेत पडून धूर व्हायचा तोही थांबला. मालक म्हणाले, “वरून गोड, आतून मढं. मांसाला साखर चाटवलीस.” मग मी फासळ्यांच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा सोलायला लागले, तेव्हा मसाला आत शिरला. आंबवलेल्या लाल टोफूचे दोन चौकोन कुस्करून घातले, थोडी गुलाबाची दारू घातली. “लिपस्टिक लावलीय,” मालक म्हणाले, तर लाल टोफू निम्म्यावर आणलं. साखरेचा थर टणक होऊन तडकायचा. “दात पाडायचेत माझे?” म्हणाले, तेव्हा साखर सोडून धान्यापासून केलेला, काकवीसारखा घट्ट माल्टचा पाक आणला, गरम पाण्यात सैल करून ब्रशनं लावला. तो चकाकतो आणि मऊ राहतो.

असं वर्षभर चाललं. प्रत्येक रविवारी एक शिवी, आणि तिच्यात दडलेली एक चूक. त्यांनी शिकवावं म्हणून शिव्या दिल्या असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या तोंडावर नाही म्हणेन. त्यांना मला दुखवायचं होतं. मी त्यातून शिकले हा माझा हट्ट, त्यांचा मोठेपणा नाही. आणि त्या वर्षभरात त्यांनी एकही तुकडा तोंडात घातला नाही. नुसत्या वासावरून आणि काडीला लागणाऱ्या दाबावरून बोलायचे. आणि बरोबर बोलायचे, याचाच मला जास्त राग.

शेजारच्या यापवहिनी एके दिवशी कुंपणावरून वाकून म्हणाल्या, “मुय-यिन, दर रविवारी नुसता वास पाठवतेस. एखादी फासळी पाठव की.”

मी एक पट्टी तोडून दिली. तासाभरात ताटली चाटून पुसून परत आली. “पुढच्या शनिवारी दोन पट्ट्या. माझी बहीण यायचीय. आणि फुकट नको हां, मग मला दुसऱ्यांदा मागता येत नाही.”

यापवहिनींच्या बहिणीनं आपल्या जावेला सांगितलं. तीन महिन्यांत मी शनिवारी चौदा पट्ट्या भाजत होते. ओव्हनमध्ये एका वेळी चार मावत. पहाटे सुरू करायची आणि दुपारी एकपर्यंत मोकळी व्हायची. गणवेश शिवणं अर्ध्यावर आलं. वाय-लुन पट्ट्या कागदात बांधून सायकलवरून पोचवायचा आणि त्याचा चेहरा जरा सैल झालेला दिसायचा.

मालक शनिवारी घरात थांबतच नसत. काठी टेकत लियूकाकांच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसत.

मग एका शनिवारी चौदाच्या नऊ झाल्या. पुढच्या शनिवारी चार. मी म्हटलं, माझंच काही चुकलं असणार. मीठ पाहिलं, मसाला पाहिला, खाटीक बदलून पाहिला. शेवटी यापवहिनी स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. तुझे सासरे कॉफीच्या दुकानात बसून काय काय बोलतात, तुला माहितीय?”

“काय बोलतात?”

“की तू आदल्या दिवशीचं उरलेलं मांस आणतेस. आधी पाण्यात उकडून घेतेस आणि मग कपाटात नुसता रंग चढवतेस. म्हणतात, मी सिफू असून तोंड लावत नाही, यातच काय ते समजा.”

माझे हात लाल मसाल्यानं बरबटलेले होते. मी ते धुतलेसुद्धा नाहीत. एप्रन तसाच, चपला उलट्यासुलट्या, तशी रस्ता ओलांडून गेले. दुकानात आठ-दहा माणसं असतील. मालक भिंतीकडच्या टेबलावर बशीत कॉफी ओतून पीत होते.

“मालक,” मी म्हटलं, “मी मांस उकडते?”

मालकांनी बशी खाली ठेवली नाही. “घरी जा.”

“नाही जाणार. यांच्यासमोर सांगा. रोज माझ्या पाठीमागे सांगता, आज तोंडावर सांगा. मी उकडते?”

“आवाज खाली कर. लाज नाही वाटत? बाजारात उभी राहून सासऱ्याशी बोलतेस.”

“तुम्हाला वाटली का? माझ्या ओट्यापासून तीन हातांवर झोपता तुम्ही. मांस कुठून येतं, कधी येतं, सगळं बघता.”

मग त्यांनी बशी ठेवली. हळू, अगदी समजावल्यासारखे म्हणाले, “विस्तव बाईच्या हाताला ओळखत नाही. हे मी आज नाही म्हणत. पन्नास वर्षं म्हणतोय. बाईनं भाजलेलं मांस म्हणजे...”

“आणि क्यून?”

हे लियूकाका बोलले. गल्ल्यामागे उभे राहून ग्लास पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सिफू, चौऱ्याहत्तर साली तुम्ही टायफॉइडनं अडीच महिने इस्पितळात होता. दुकान बंद नव्हतं. मी रोज तिथूनच फासळ्या आणत होतो. लाय-क्यून भाजायची. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हाच्या जास्त आवडायच्या.”

मालक उठले. हाताच्या फटक्यानं बशी, कप, सगळं खाली गेलं. फुटक्या कपाच्या तुकड्यांवरून काठी टेकत ते बाहेर पडले. कुणी त्यांना धरायला पुढे झालं नाही.

मला एवढंच माहीत होतं की वाय-लुनला लाय-क्यून नावाची एक मोठी बहीण आहे, सिंगापूरला असते आणि घरात तिचं नाव काढायचं नाही. तिचा एकही फोटो मी पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी वाय-लुन गॅरेजातून आला तेव्हा मी त्याला मागच्या अंगणात नेलं आणि विचारलं, “क्यूनताईंचं काय झालं होतं?”

तो बराच वेळ हाताचं ग्रीस पुसत राहिला. मग बोलला.

वडील इस्पितळात, आई आधीच गेलेली. एकोणीस वर्षांच्या लाय-क्यूननं दुकान उघडलं. बापाला लहानपणापासून लांबून बघत आली होती, तेवढ्यावर. पहिले चार दिवस मांस फुकट गेलं, पाचव्या दिवसापासून रांग लागली. अडीच महिन्यांनी बाप परत आला, एप्रन बांधला आणि पिंपापाशी उभा राहिला. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “सिफू, तुम्ही आराम करा हो. पोरीला उभं करा, तिच्या हातचं हवंय.” मालकांनी दुकान रिकामं होईपर्यंत वाट पाहिली. मग लाय-क्यूनचा उजवा हात धरला आणि पिंपाच्या काठावर दाबून ठेवला.

“तू कुठे होतास?” मी विचारलं.

“तिथेच. मांस तोडायची फळी पुसत होतो. पंधरा वर्षांचा होतो.”

“मग?”

“पुसत राहिलो.”

बोलण्यासारखं होतं, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी टेलिफोन केंद्रात जाऊन सिंगापूरचा नंबर लावला. तो वाय-लुनकडे होता, पाकिटात चौकोनी घडी घालून ठेवलेला. तिकडून जाड, थकलेला आवाज आला. ती एका हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती.

“कोण?”

“ताई, मी मुय-यिन. वाय-लुनची बायको.”

“मेला का तो?”

“नाही.”

“अजून शिव्या देतो?”

“रोज.”

“मग तब्येत ठणठणीत आहे. फोन कशाला केलास?”

मी सगळं सांगितलं. ओव्हन, रविवार, शिव्या, कॉफीचं दुकान. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माल्ट शेवटचा लावल्यावर काय करतेस?”

“परत आत लटकवते. मोठ्या आचेवर पाच मिनिटं, कडा काळ्या होईपर्यंत.”

“लगेच नको. दहा मिनिटं बाहेर ठेव, गार वाऱ्यावर. थर बसू दे. मग आत. हे त्यानं शिकवलेलं नाही, माझं मी शोधलंय. तू वापर.” मग म्हणाली, “मी स्वतः मांस खात नाही आता. वासही नको वाटतो.” आणि ठेवून दिला.

मी तसं करून पाहिलं. आधी आणि नंतर यात जमीन-अस्मानाचा फरक. त्या रविवारी मालकांनी काडीनं तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. तुकडा खाली ठेवून ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी शिवी आली नाही.

महिन्याभरात मागणी परत वाढली. चौदा झाल्या, अठरा झाल्या, बावीस. मला वाटलं, लियूकाकांनी लोकांना सांगितलं असणार. एक दिवस यापवहिनी हसत आल्या. “शेवटी झालं ना गोड? बरं वाटलं बाई. सिफू स्वतः भाजायला लागले म्हणे.”

“कोण म्हणे?”

“तेच सांगतात. सून मांस धुते, भांडी घासते, भाजतो मीच. लोक म्हणतात, तरीच चव बदलली.”

मी त्या रात्री त्यांच्या ताटलीत भात वाढताना विचारलं, “मालक, फासळ्या तुम्ही भाजता?”

“माझं घर आहे. माझ्या घरात जे भाजलं जातं ते माझं.”

“घर माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे.”

“आणि नवरा कुणाचा पोरगा आहे?” असं म्हणून ते हसले. सात वर्षांत त्यांना मी तेवढंच एकदा हसताना पाहिलं.

माझी निंदा केली तेव्हा मला राग आला होता. या वेळी आला नाही. डोकं एकदम थंड झालं.

दोनच आठवड्यांनी देवळाच्या समितीचे मोकशेट घरी आले. पत्र्याची वखार, मोठं पोट, सोन्याचा दात. देवाच्या वाढदिवसाची पंगत होती. “चोवीस पट्ट्या हव्यात. थोंग सिफूंच्या हातच्या. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापतोय.” मालक बाहेरच्या खुर्चीत बसून मान हलवत होते.

“जरूर,” मी म्हटलं. “पण मोकशेट, तुम्ही स्वतः या ना त्या दिवशी. चार माणसं घेऊन या, अकरा वाजता. सिफू भाजताना बघायला मिळणं म्हणजे केवढं भाग्य.”

“वा! येतोच.”

मालकांची मान हलायची थांबली.

त्या दिवशी मी पहाटे चारला उठून आठ पट्ट्या भाजून काढल्या. अकराला मोकशेट तीन माणसांना घेऊन आले. मागोमाग यापवहिनी, आणि दुकान सोडून लियूकाकाही. मी मालकांच्या खोलीचं दार वाजवलं. हातात एप्रन.

“मालक, चला. लोक आलेत.”

“मला बरं नाही.”

“कालपर्यंत बरं होतं. चला.”

सगळे बघत होते, त्यांना यावंच लागलं. मी त्यांच्या कमरेला एप्रन बांधला. ओव्हन तापलेला नव्हता, मुद्दाम बंद ठेवला होता. चार पट्ट्या आकड्यांना लावून तयार. “करा सुरू,” मी म्हटलं आणि बाजूला झाले.

ते ओव्हनसमोर उभे राहिले. दार उघडलं. आत हात घातला, जसा पिंपात वरून घालतात तसा, आणि वरची जाळी त्यांच्या मनगटाला लागली. हात बाहेर घेतला. मग बटणांकडे पाहिलं. तीन बटणं आहेत, एक वेळेचं, एक उष्णतेचं, एक वरच्या-खालच्या आचेचं. त्यांनी वेळेचं फिरवलं. टिक टिक सुरू झालं. ते वाट बघत राहिले. काहीच तापलं नाही.

“आज आग नीट नाही,” ते म्हणाले.

मोकशेटांच्या मागचा एक माणूस म्हणाला, “सिफू, ही वीज आहे.”

कुणीतरी हसलं. मालकांच्या मानेवरची शीर फुगली. “हिनं कपाट बिघडवून ठेवलंय! मुद्दाम! ही अवदसा...”

“व्हा बाजूला,” मी म्हटलं. एका हातानं उष्णतेचं बटण फिरवलं, दुसऱ्यानं आचेचं. आत लाल कांब पेटली. मी ट्रेमध्ये पाणी ओतलं, पट्ट्या एकेक करून लटकवल्या, दार लावलं. मोकशेट छताकडे बघत होते. मालक स्टुलावर बसले होते, एप्रनसकट, कुणी सोडायला येत नव्हतं.

वीसेक मिनिटं झाली असतील. मी माल्ट सैल करत होते. मागून आवाज आला, “डावीकडची करपतेय.”

मी वळून पाहिलं नाही.

“ऐकू येत नाही? डावीकडची. दाराला टेकलीय. वास घे.”

मी दार उघडलं. डावीकडची पट्टी आकड्यावरून सरकून कडेला टेकली होती. कोपरा काळा पडायला लागला होता. मी सरकवली. जमलेल्या माणसांपैकी एकालाही तो वास आला नव्हता. मलाही नाही. ते बरोबर होते, आणि तरी मला त्यांच्याबद्दल कणव आली नाही. यायला हवी होती, असं पुढे पुष्कळ जण म्हणाले. यापवहिनीसुद्धा म्हणाल्या, “अगं, चार लोकांत नको होतं करायला.” मी म्हटलं, “वहिनी, चार लोकांतच माझी वाट लावली होती त्यांनी.”

पंगतीच्या पत्रिकेत शेवटी ‘थोंग सिफूंच्या फासळ्या’ असंच छापलेलं होतं. आधीच छापून झालं होतं म्हणे.

त्यानंतर मालक कॉफीच्या दुकानात गेले नाहीत. घरात बसून राहायचे, भिंतीकडे तोंड करून. मी ताटली समोर ठेवायची, ते काठीनं लांब सरकवायचे, मी परत जवळ ठेवायची. आमच्यात बोलणं एवढंच. दीड वर्षानं त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. अंघोळ वाय-लुन घालायचा. पेज मी भरवायची. पहिल्याच दिवशी त्यांनी घास माझ्या अंगावर थुंकला, तर मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, “थुंका. संध्याकाळपर्यंत दुसरं काही नाही.” पुढच्या वेळी गिळला.

शेवटच्या महिन्यात एका शनिवारी त्यांनी डाव्या हातानं ओव्हनकडे बोट दाखवलं. मला कळेना. परत दाखवलं. मग मी ताजी पट्टी सुरीनं बारीक चिरली आणि एक तुकडा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तो खाल्ला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मग आणखी एक. बराच वेळ चघळत राहिले. मग जड जिभेनं म्हणाले, “क्यूनच्या.”

मी विचारलं, “काय क्यूनच्या?”

“क्यूनच्या हातच्या.”

आणि डोळे मिटले. मी चमचा घेऊन तशीच बसले. वीस वर्षांनी मुलीचं नाव तोंडात आलं, तर मला गहिवरून यायला हवं होतं. मला संताप आला. शनिवार-शनिवार करत पाच वर्षं मी त्या ओव्हनसमोर उभी होते, आणि तेव्हासुद्धा माझं नाव नाही.

मी क्यूनताईला फोन करून सांगितलं.

“खाल्ल्या त्यानं?” तिनं विचारलं.

“दोन तुकडे.”

“माझ्या हातची त्यानं कधी चाखूनसुद्धा पाहिली नव्हती. मग माझी चव त्याला कशी कळली?”

“वासावरून, ताई.”

तिकडे इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला. “ठेवते,” ती म्हणाली.

मालक त्या वर्षाच्या नवव्या महिन्यात गेले. ती आली नाही. मी पांढरे कपडे घातले, गुडघे टेकले, जे सुनेनं करायचं ते सगळं केलं. लोकांनी सांगितलं म्हणून रडण्याचा आवाजही काढला. पुढच्या वर्षी बाजारात ओटा घेतला, आणखी एक ओव्हन घेतला आणि वर पाटी लावली: मुय-यिन. नुसतं तेवढंच. तरी लोक ‘थोंग सिफूंच्या सुनेचं दुकान’ म्हणतात. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करते. काही जण रागावतात, काही दुसरीकडे जातात. जाऊ देत.

मालक गेल्यावर तिसऱ्या वर्षी, कबरी साफ करायच्या दिवसांत क्यूनताई आली. उंच, वाकलेली, उजवा हात खिशात. आईच्या कबरीवर जायचं म्हणाली. कबर डोंगराच्या उतारावर, जोडीची. डावीकडे आई, उजवीकडे मालक, दोघांवर एकच दगड. वर्षभराचं गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. ताईनं विळा घेतला, मी खुरपं घेतलं, आणि आम्ही आईच्या बाजूचं गवत मुळापासून काढलं. फरशी धुतली. संत्री ठेवली, तीन अगरबत्त्या लावल्या. मधोमध रेघ मारल्यासारखी एक बाजू लख्ख आणि दुसरी बाजू गवतात बुडालेली. ताईनं दुसऱ्या बाजूकडे मान वळवली नाही. मीही नाही.

वाय-लुन मागे उभा होता. त्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं. मग माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि उरलेल्या अर्ध्या भागाशी जाऊन खाली बसला. ऊन चढलं होतं. आम्ही दोघी उतार उतरून व्हॅनमध्ये जाऊन बसलो, काचा खाली केल्या आणि त्याची वाट बघत राहिलो.